एका तारेच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. "साधं ड्युअल बूट करायला तीन दिवस लावले, बॅकअपचे वेगळे पैसे घेतले, डी ड्राइव्ह छोटी करून ठेवली आणि लिनक्स टाकल्यापासून विंडोजमध्ये बँकेची साइट उघडत नाही" अशी तुमची तक्रार आहे. (ड्युअल बूट म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही सिस्टिम, सुरू करताना हवी ती निवडायची.) शेवटच्या गोष्टीमुळे तुमचं काम अडलंय, म्हणून आधी तीच घेतो.

तुम्ही सोबत स्क्रीनचा फोटो टाकलात हे फार बरं केलंत. "तुमचे कनेक्शन खाजगी नाही" हा मेसेज तर दिसतोच, पण खाली उजव्या कोपऱ्यात तारीख बघा. १ जानेवारी २०१३! बँकेच्या साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी असल्याचा ठरावीक मुदतीचा डिजिटल दाखला, अलीकडचं असतं. मशीनच्या मते अजून २०१३ चालू असेल तर ब्राउझर म्हणणारच की हे सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही, आणि पान अडवणार. तारीख हाताने नीट करा, साइट लगेच उघडेल.

तारीख मागे का जाते? मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. मशीनची वीज पूर्ण बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तुमचा सेल आम्ही मीटरवर तपासला होता. ३ व्होल्ट यायला हवेत, तो अडीचच्याही खाली होता. जॉबशीटवर "सेल बदलावा" असं लिहिलंय, तुम्ही "नंतर बघू" म्हणालात. पन्नासेक रुपयांची वस्तू आहे, आग्रह कशाला करायचा म्हणून आम्हीही सोडून दिलं.

"आधी कधी असं झालं नव्हतं" हे तुमचं म्हणणंही खरं आहे. तुमच्या ऑफिसातल्या ताईंशी फोनवर बोललो तेव्हा कळलं की मशीन आता नव्या टेबलावर आहे आणि रात्री जाताना एक्स्टेन्शन बोर्डाचं बटणच बंद होतं. आधी कॉम्प्युटर शटडाउन केला तरी मागची वीज चालू राहायची, त्यामुळे घड्याळाला सेलची गरजच पडत नव्हती. लिनक्स आणि टेबल एकाच आठवड्यात आले, आणि आळ आला लिनक्सवर. ताई म्हणाल्या की तेच बँकेचं पान लिनक्समध्ये व्यवस्थित उघडतं. उघडणारच, कारण लिनक्स सुरू झाल्यावर नेटवरून वेळ जुळवून घेतं. विंडोज मात्र फरक फार मोठा असेल तर आपणहून दुरुस्त करायचं टाळतं.

ड्युअल बूटमुळे घड्याळ चुकतं हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल, तेही खोटं नाही. पण तो घोळ वेगळा. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स ग्रिनिचची. म्हणून लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलं की सकाळी ११ वाजता मशीन पहाटेचे साडेपाच दाखवतं. फरक बरोब्बर साडेपाच तासांचा, वर्षांचा नव्हे. तुमच्या मशीनवर लिनक्सलाही भारतीय वेळच ठेवायला सांगितलंय, त्यामुळे तो प्रश्न येणार नाही.

आता तीन दिवस आणि बॅकअप. हे जरा सविस्तर लिहितो, कारण असं काम घेऊन येणारे इतरही हे वाचतील.

तुमची डिस्क जुन्या, म्हणजे एमबीआर नावाच्या विभागणीच्या पद्धतीची. तिच्यावर चारच प्रायमरी पार्टिशन, म्हणजे मुख्य कप्पे, बसतात. तुमची चारही भरलेली होती: विंडोजचं छोटं सिस्टिम पार्टिशन, सी, डी, आणि विंडोज १० ने स्वतःच बनवलेलं रिकव्हरी. चार खोल्यांच्या चाळीत चार बिऱ्हाडं, पाचवं घालणार कुठे? डी मधली अर्धी जागा मोकळी होती हे खरं, पण ती कापून काढली तरी तिथे लिनक्ससाठी नवं पार्टिशन बनत नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये प्रयत्न केला तर ते विचारतं, "डायनॅमिक डिस्क करू का?" इथे घाईत "येस" दाबणारे पुष्कळ आहेत. डायनॅमिक म्हणजे विंडोजची स्वतःची खास मांडणी. मग त्या डिस्कवर लिनक्स टाकणं होऊन बसतं महाकठीण, आणि परतीची वाटही सोपी नसते.

सरळ उपाय एकच होता. डी वरचं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं, डी पार्टिशन काढून टाकायचं, त्या जागी एक एक्स्टेंडेड पार्टिशन (ज्याच्या पोटात आणखी कप्पे करता येतात) करून त्याच्या आत नवी डी आणि लिनक्स बसवायचं, आणि डेटा परत टाकायचा. डी छोटी दिसते ती यामुळे. फाइल एकही गेलेली नाही, परत टाकल्यावर फोल्डरांची साइझ तुम्हाला समोर बसवून दाखवली होती. ज्या पार्टिशनवर टॅलीचा सगळा डेटा आणि जीएसटीची जुनी रिटर्न्स आहेत ते कॉपी न घेता उडवणारा माणूस तुम्हाला स्वस्तात मिळेलही. आम्ही ते काम घेत नाही. वर डिस्क जुनी, वाचताना मध्येच अडखळणारी. तिला दामटवलं असतं तर ती त्याच दिवशी गेली असती, म्हणून कॉपी रात्रभर सावकाश चालू दिली. पैसे घेतले ते या कामाचे, आणि ते आधीच सांगितले होते.

"बाजूचा मुलगा ५०० रुपयांत विंडोज ११ टाकून देतो" असंही तुम्ही लिहिलंय. टाकता येतं, युक्त्या आम्हालाही ठाऊक आहेत. पण तुमचा प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचा. विंडोज ११ ला अधिकृतपणे आठवी पिढी किंवा पुढची लागते, शिवाय टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय. तपासणी चुकवून टाकलेल्या मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. वागळे इस्टेटमधल्या ज्या ऑफिसातून रोज बँकेचे व्यवहार होतात तिथे हा जुगार का खेळायचा? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणूनच ठरलं होतं की मेल, बँक, ब्राउझिंग लिनक्सवर, आणि विंडोज फक्त टॅली आणि डिजिटल सिग्नेचरच्या टोकनपुरतं. ऑफिसात सगळे अजूनही बँकेसाठी विंडोजच उघडतायत असं फोटोवरून दिसतं. थोडी सवय लावा त्यांना.

जुनी मराठी पत्रं लिनक्समध्ये इंग्रजी अक्षरांचा काला दिसतात, कारण ती युनिकोडच्या (मराठी अक्षरं सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी ओळखली जावीत म्हणून ठरलेल्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. ती विंडोजमध्येच उघडा.

मशीन सुरू होताना विंडोज की लिनक्स हे विचारणाऱ्या मेनूत लिनक्स वर आहे ते तुम्हीच सांगितलं होतं म्हणून. आता विंडोज वर हवं असेल तर दोन मिनिटांचं काम आहे, पैसे नाहीत. फक्त मधल्या काळात कोणाकडून विंडोजला फॉरमॅट मारून घेऊ नका. नवं विंडोज बूटची जागा स्वतःकडे घेतं आणि मेनू गायब होतो. लिनक्स डिस्कवर तसंच असतं, पण "गेलं" असं वाटून लोक तेही पुसून टाकतात.

मंगळवार सोडून कधीही या, दुपारी गर्दी कमी असते. नुसतं कॅबिनेट आणा, मॉनिटर नको. सेल लगेच बदलून देतो. आणि येताना एक रिकामी एक्स्टर्नल डिस्क घेऊन या. तुमच्या डी ची कॉपी अजून आमच्याकडे आहे, महिनाअखेरीला आम्ही ती पुसतो. त्याआधी तुमच्या ताब्यात घ्या.