मिरच्यांच्या टेबलाखालचा रेडिओ

शनिवारी सकाळी मी वॉसाच्या बाजारात कोथिंबीर आणायला जातो. वॉसा म्हणजे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या मधोमध वसलेलं, जेमतेम चाळीस हजार वस्तीचं शहर. इथे ताजी कोथिंबीर, कारली, तिखट मिरच्या मिळतात त्या ह्मोंग बायकांच्या कृपेने. (लिहायचं ह्मोंग, पण अमेरिकेत म्हणतात 'मोंग'.) त्यातल्या एका आजींच्या टेबलाखाली छोटा रेडिओ सुरू असतो. मला त्यातलं अक्षर कळत नाही. मध्येच 'फ्लू शॉट', 'डेडलाइन', 'स्कूल बोर्ड' असं काहीतरी ऐकू येतं, तेव्हा विषय काय असावा एवढा अंदाज येतो.

हे लोक मूळचे लाओसच्या डोंगरांतले. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सीआयएने त्यांच्यातून छुपं सैन्य उभं केलं आणि १९७५ साली लाओस कम्युनिस्टांच्या हाती गेल्यावर त्यांना मेकाँग ओलांडून थायलंडच्या छावण्यांत पळावं लागलं. तिथून इथल्या चर्चनी काही कुटुंबं आणली, मग त्यांच्यामागोमाग त्यांचे नातेवाईक आले. तोवर वॉसा जवळपास पूर्ण गोऱ्यांचं होतं. काही शाळांत ह्मोंग मुलांची दाटी झाली म्हणून १९९३ साली मुलं बसने वाटून द्यायची योजना आली आणि चिडलेल्या मतदारांनी शाळा मंडळाच्या सदस्यांना मुदतीआधीच घरी पाठवलं. ज्यांच्या मुलांवरून हे रण पेटलं, त्यांच्यातल्या कित्येक आईबापांना त्या बातम्या वाचता येत नव्हत्या. इंग्रजी येत नव्हतं हे झालंच, पण ह्मोंग भाषेला रोमन लिपीसुद्धा मिशनऱ्यांनी १९५० च्या दशकात बसवून दिलेली. म्हातारी माणसं बिनअक्षरी. त्यांच्यापर्यंत पोचायला आवाजच हवा.

२००० सालच्या जानेवारीत अमेरिकेने कमी ताकदीच्या एफएमला परवानगी दिली: फार तर १०० वॅट, पाचसहा किलोमीटरचा टप्पा, जाहिराती नाहीत. मोठ्या प्रसारकांनी 'आमच्या लहरींत खरखर येईल' म्हणून ओरड केली. वर्ष संपायच्या आत संसदेने अटी इतक्या आवळल्या की मोठ्या शहरांत जागाच उरली नाही. त्या सुटायला २०११ उजाडलं. वॉसासारख्या आडगावांत मात्र लहरी मोकळ्या होत्या. इथल्या ह्मोंग संस्थेने त्या लाटेत आपलं ९३.३ एफएम हे स्टेशन उभं केलं आणि पुढे गावातल्या इतरांचे इंग्रजी कार्यक्रमही त्यात सामावून घेतले. इतर काही शहरांतल्या ह्मोंगांना दुसऱ्यांच्या स्टेशनवर जागा शोधावी लागली. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोत ९०० एएमवर ह्मोंग आणि पंजाबी कार्यक्रम शेजारी शेजारी चालतात. आपले पंजाबी तिथेही पोचलेच.

गेल्या वर्षी, २०२५ च्या एप्रिल ते जून, आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिलीपासूनच्या हिंदीवरून धुमश्चक्री चालू होती. मीही पोटतिडकीने लांबलचक मजकूर टाकत होतो. शासन निर्णय मागे घेतल्यावर सगळ्यांनी एकमेकांना विजयाच्या शुभेच्छा दिल्या. त्याआधी २०२४ च्या ऑक्टोबरात मराठी अभिजात झाली, तेव्हा आमच्या मराठी मंडळात पेढे वाटले. पण २०२३ च्या जूनमध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवायचा निर्णय आला (पुढे त्याला स्थगिती मिळाली), तेव्हा त्याच ग्रुपवर दोन ओळी आल्या. त्यातली एक 'रेडिओ कोण ऐकतं आता?' अशी होती.

ऐकत नाही ते आम्ही. परदेशातल्या मराठी मंडळाला असलं स्टेशन काढावंसं वाटत नाही, कारण आमचं त्यावाचून काहीच अडत नाही. आयकराची मुदत, लसीची सूचना, सगळं आम्ही इंग्रजीत वाचतो. मराठी गणपतीला, नाटकाला, नॉस्टॅल्जियाला. तिकडे गावी मराठीवाचून ज्यांचं खरोखर अडतं अशी माणसं कोटींनी आहेत, आणि त्यांच्या भाषेवर हिरिरीने बोलणारे आम्ही, ज्यांची मुलं इंग्रजी माध्यमात.

याचा अर्थ शाळेचा वाद फिजूल असा नाही. ह्मोंग स्टेशनने भाषा वाचवली म्हणावं, तर ऑफिसातला माझा ह्मोंग सहकारी हसतो. त्याची मुलं आजीला इंग्रजीतच उत्तर देतात. पहिलीतली भाषा महत्त्वाची, हे मला त्याच्याकडे बघूनच जास्त पटलं. मला खुपतं ते एवढंच की आपला झगडा शाळेपाशी संपतो. म्हसवडला 'माणदेशी तरंग' हे गावकऱ्यांचं रेडिओ स्टेशन आहे, २००६ पासून आपल्याकडे स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ काढता येतो, पण त्यावर स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी. आकाशवाणीच्या आहेत त्याच ऐकवायच्या. ही बंदी उठवा म्हणून आमच्या ग्रुपवर आजवर कोणी लांबलचक मजकूर टाकलेला नाही. मीही नाही.

सप्टेंबराच्या शेवटी बाजारात आजींची नात हिशेब करत होती. एरवी माझं इंग्रजी तीच आजींना समजावते. त्या दिवशी मी रेडिओकडे बोट दाखवून विचारलं, काय सांगतायत? तिने खांदे उडवले आणि आजींना विचारलं. आजी बरंच बोलल्या.

"आज रात्री दव गोठणार आहे," नात म्हणाली. "मिरच्या झाकून ठेवा."

घरी येऊन मी माझ्या दोन कुंड्या आत घेतल्या.