ऑस्करचे भाकीत आणि आत्याचा हत्ती

पहिला ऑस्कर सोहळा १६ मे १९२९ रोजी हॉलिवूडमधल्या रूझवेल्ट हॉटेलात झाला, तेव्हा विजेत्यांची नावे तीन महिने आधीच जाहीर झालेली होती आणि पुरस्कार वाटण्याचे काम पंधरा मिनिटांत आटोपले होते. इतकी सभ्य पद्धत मोडण्याची गरज कुणाला का वाटली असावी, हे मला आजवर उमगलेले नाही. पुढच्या वर्षीपासून निकाल गुप्त ठेवून रात्रीच्या अंकासाठी तेवढा वृत्तपत्रांना आगाऊ देण्याची प्रथा पडली. १९४० मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने तो सोहळ्याआधीच संध्याकाळच्या अंकात छापून टाकला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी मोहोरबंद पाकिटे आली. माझ्या हालांचे मूळ त्या एका अंकात आहे असे मी मानतो. पाकिटात काय आहे हे ठाऊक नसले की माणूस अंदाज बांधतो, अंदाज बांधला की तो चारचौघांत बोलून दाखवतो, आणि एकदा बोलून दाखवला की लॉस एंजेलिसमध्ये रविवारची संध्याकाळ होत असताना त्याला इकडे सोमवारी पहाटे उठून स्वतःच्या शब्दाची राखण करत बसावे लागते.

आमच्या घराण्यात ही राखण दरवर्षी होते. नामांकने जाहीर झाली की प्रत्येकाने सगळ्या विभागांतले विजेते कागदावर लिहून, घडी घालून, सोहळ्याच्या आदल्या दिवसापर्यंत आत्याच्या हवाली करायचे असा दंडक आहे. आत्या स्वतः स्पर्धक आहे, परीक्षकही आहे आणि कागद तिच्याच कपाटात असतात. ही रचना न्यायाला धरून नाही, खुद्द ऑस्करची मतमोजणीसुद्धा १९३० च्या दशकापासून बाहेरच्या हिशेबतपासनिसांकडे दिलेली आहे, असे मी तिला एकदा समजावून सांगितले.

"त्यांनीच ना रे ते पाकीट चुकीचं दिलं होतं?" असे म्हणून तिने कपाटाची किल्ली फिरवली.

हा उल्लेख मला मुद्दाम टोचण्यासाठी होता. २०१७ मध्ये वॉरन बेटी आणि फे डनवे यांच्या हाती सर्वोत्कृष्ट चित्रपटाऐवजी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या पुरस्काराचे दुसरे पाकीट पडले, त्यातून 'ला ला लँड'चे नाव वाचले गेले, निर्माते रंगमंचावर येऊन आपापल्या कुटुंबीयांचे आभार मानू लागले, आणि मग मागे धावपळ होऊन खरा विजेता 'मूनलाइट' असल्याचे जाहीर झाले. माझ्या कागदावर 'ला ला लँड' होते. चौदा नामांकने मिळालेला चित्रपट कागदावर न लिहिणे हा उर्मटपणा ठरला असता. माझे म्हणणे तेव्हाही साधे होते आणि आजही साधे आहे: जे नाव साऱ्या जगासमक्ष रंगमंचावरून पुकारले गेले, ज्या नावावर टाळ्या पडल्या आणि भाषणे झाली, त्याचा गुण मला मिळायला हवा, नंतर त्यांनी आपसांत काय अदलाबदल केली याच्याशी भाकीत करणाऱ्याचा संबंध नाही. आत्याने अर्धा गुणही दिला नाही. तो वाद आमच्याकडे अजून निकाली निघालेला नाही, फक्त माझ्याखेरीज तो आता कुणी काढत नाही.

माझी पद्धत शास्त्रीय आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. ऑस्करच्या आधी गोल्डन ग्लोब, क्रिटिक्स चॉइस, ब्रिटनमधला बाफ्टा, शिवाय कलाकारांच्या, निर्मात्यांच्या आणि दिग्दर्शकांच्या संघटनांचे पुरस्कार असा एक लांबलचक मोसम असतो, आणि जाणकार मंडळी त्यांच्यावरून, पत्रिकेतल्या ग्रहांवरून लग्नाचा योग काढावा तसा, ऑस्करचा योग काढतात. यातला मंगळ म्हणजे बाफ्टा. २०१९ मध्ये अभिनेत्री ग्लेन क्लोज यांना ग्लोब मिळाला, कलाकार संघटनेचा पुरस्कार मिळाला, आधीची सहा नामांकने वाया गेलेली असल्यामुळे सहानुभूतीही त्यांच्याच बाजूला होती. बाफ्टा तेवढा ऑलिव्हिया कोलमन यांना गेला होता, आणि ऑस्करही त्यांनाच गेला. २०२१ मध्ये दिवंगत चॅडविक बोसमन यांच्या बाबतीत हुबेहूब तेच घडले: ग्लोब, क्रिटिक्स चॉइस आणि कलाकार संघटना त्यांच्याकडे, बाफ्टा अँथनी हॉपकिन्स यांच्याकडे. त्या वर्षी सोहळ्याच्या आयोजकांनाही भाकिताचा मोह झाला असावा, कारण एरवी सर्वांत शेवटी येणारा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार त्यांनी आधी उरकून घेतला आणि प्रमुख अभिनेत्याचा पुरस्कार शेवटी ठेवला. सगळ्यांनी हातरुमाल काढून तयारी केली होती. पाकिटातून हॉपकिन्स निघाले. ते सोहळ्याला आलेच नव्हते. त्र्याऐंशी वर्षांचे हे गृहस्थ वेल्समध्ये होते आणि तिथे अजून उजाडायचे होते. ज्याला पुरस्कार मिळायचा तो घरी निवांत असतो आणि ज्याला काहीही मिळायचे नाही तो मात्र पहाटे अलार्म लावून उठतो, ही व्यवस्था कुणी आखली हे एकदा शोधून काढले पाहिजे.

तर बाफ्टा हाच खरा, हे सूत्र मी मनाशी पक्के केले. २०२३ मध्ये बाफ्टाने गौरवलेले चारही अभिनेते-अभिनेत्री ऑस्करमधून हात हलवत परतले. केट ब्लँचेट यांच्याऐवजी मिशेल यो, ऑस्टिन बटलर यांच्याऐवजी ब्रेंडन फ्रेझर, आणि साहाय्यक भूमिकांतही तीच गत. मी बाफ्टाला सोडचिठ्ठी देऊन कलाकार संघटनेच्या मागे गेलो. २०२५ मध्ये त्या संघटनेने डेमी मूर यांना निवडले, म्हणून मीही त्यांना निवडले. बाफ्टा मायकी मॅडिसन यांच्याकडे होता, आणि रात्रीअखेर ऑस्करही. यातून काही लोक असा अर्थ काढतात की माझी भाकिते चुकतात. वस्तुस्थिती अशी आहे की माझी भाकिते बरोबर असतात, ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या दहा हजारांच्या आसपास सदस्यांना मात्र ती वेळेवर कळवली जात नाहीत.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या बाबतीत तर त्यांचा मतदानाचा नियमच माणसाला वेठीस धरणारा आहे. २०१० च्या सोहळ्यापासून या विभागात सदस्य एका चित्रपटाला मत देत नाहीत, पसंतीक्रम लावतात. निम्म्याहून अधिक पहिल्या पसंतीची मते कुणालाच मिळाली नाहीत, तर सर्वांत मागे असलेला चित्रपट बाद होतो आणि त्याची मते त्या-त्या मतपत्रिकेवरच्या पुढच्या पसंतीकडे जातात. कुणीतरी निम्म्याच्या पुढे जाईपर्यंत हे चालू राहते. याचा व्यावहारिक अर्थ असा, की ज्याच्यावर काही लोक जीव टाकतात आणि बाकीचे खवळतात तो चित्रपट पडू शकतो, आणि जो कुणालाच फारसा खुपत नाही तो निवांतपणे वर सरकतो. म्हणजे भाकीत करणाऱ्याने हजारो अनोळखी माणसांना काय आवडले हे ओळखून भागत नाही. त्यांना दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाला काय चालून जाईल, हे ओळखावे लागते. मला माझ्या सख्ख्या भावाची दुसरी पसंती ठाऊक नाही. २०२२ मध्ये बारा नामांकनांचा 'द पॉवर ऑफ द डॉग' समोर असताना अवघ्या तीन नामांकनांचा 'कोडा' तिन्ही पुरस्कार घेऊन गेला, तेव्हा मी हा नियम मूळ इंग्रजीतून पुन्हा एकदा वाचून काढला, आणि तो पूर्वीइतकाच समजला.

खरी परीक्षा मात्र लघुपटांची असते. ॲनिमेटेड, माहितीपर आणि कथापर असे तीन विभाग, त्यांत मिळून पंधरा लघुपट, आणि त्यांतले बरेचसे सहजी पाहायलाही मिळत नाहीत. येथे ग्लोब नाही, संघटना नाहीत, ग्रहमान जवळजवळ कोरे असते. मी यावर तोडगा म्हणून पाच-पाच मिनिटांच्या झलका पाहतो, मागच्या महोत्सवांतले पुरस्कार तपासतो, विषयाचे गांभीर्य तोलतो आणि मध्यरात्रीपर्यंत तक्ता भरतो. आत्या यादीवर चष्मा रोखून एकच प्रश्न विचारते.

"यात प्राणी कुणाच्या नावात आहे रे?"

मी सुरुवातीला हसलो होतो. २०२१ मध्ये उत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार 'माय ऑक्टोपस टीचर'ला मिळाला, तेव्हा तो योगायोग म्हणून सोडून दिला. २०२३ मध्ये तिने माहितीपर लघुपटासाठी 'द एलिफंट व्हिस्परर्स' लिहिला, कारण उघड आहे, आणि कार्तिकी गोन्साल्विस व गुनीत मोंगा यांच्या त्या लघुपटाला पुरस्कार मिळाला. मी हत्तीला आपलेपणाचा गुण देऊन गप्प बसलो. पण त्याच वर्षी ॲनिमेटेड लघुपटांत पेच होता. एकीकडे नावात शहामृग असलेला ऑस्ट्रेलियन लघुपट, दुसरीकडे 'द बॉय, द मोल, द फॉक्स अँड द हॉर्स'. मला वाटले, आता हिचे शास्त्र अडले.

"अडायचं काय त्यात? शहामृग एकटा आहे. इकडे चिचुंदर, कोल्हा नि घोडा, तीन झाले."

मोल म्हणजे चिचुंदर नव्हे, हे सांगण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो, आणि पाकीट फुटल्यावर तर त्याला काही अर्थच उरला नाही. पुढच्या वर्षी ॲनिमेटेड चित्रपटात 'द बॉय अँड द हेरॉन' जिंकला, बगळा. तिच्या शास्त्राला मागे नेऊन पाहण्याची दुर्बुद्धी मला एका रात्री सुचली, तर २००६ चा विजेता माहितीपट 'मार्च ऑफ द पेंग्विन्स' सापडला, आणि २०१५ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून थेट 'बर्डमॅन'च सापडला. हा तोच चित्रपट, ज्याने माझा आवडता नियम मोडला होता: संकलनाचे नामांकन नसलेला चित्रपट सर्वोच्च पुरस्कार घेत नाही, हे तीन दशकांहून अधिक काळ टिकलेले सूत्र. आता 'पॉवर ऑफ द डॉग' पडला त्याचे काय, असे मी विचारले, तेव्हा तिने चित्रपट न पाहताच सांगितले की तो नुसता नावापुरता कुत्रा होता. उलट २०२३ मध्ये 'द बॅनशीज ऑफ इनिशेरिन' हा नऊ नामांकने असूनही एकही पुरस्कार न घेता परतला, त्यात एक अत्यंत गुणी गाढव आहे, असे मी तिला कळवले. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मग नावात घालायचं होतं."

आपले मन आणि आपले भाकीत एकाच बाजूला असण्याचा प्रसंग फार क्वचित येतो. 'नाटू नाटू'च्या रात्री तो मला लाभला, ग्लोब आणि क्रिटिक्स चॉइस दोन्ही आधीच त्या गाण्याकडे असल्यामुळे शास्त्राची परवानगीही होती. एरवी जो चित्रपट पाहून आपण दोन दिवस नीट जेवलो नाही त्याच्यासमोर फुली मारून, ज्याच्या मध्यंतराची आपण वाट पाहिली त्याचे नाव सुवाच्य अक्षरांत लिहावे लागते, आणि मग सोमवारी पहाटे आपल्याला नको असलेला चित्रपट जिंकावा म्हणून देव पाण्यात घालावे लागतात. तो हरला तर गुण जातो, जिंकला तर दिवस जातो.

अकादमीने २०२५ मध्ये एक नियम केला, की अंतिम फेरीत एखाद्या विभागात मत द्यायचे असेल तर त्या विभागातले सगळे नामांकित चित्रपट सदस्याने पाहिलेले असले पाहिजेत. अकादमीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहिले तर नोंद आपोआप होते, अन्यत्र पाहिले असतील तर तसा अर्ज भरून द्यायचा. मी हा नियम आमच्या स्पर्धेलाही लावावा असा ठराव मांडला आणि सगळ्यांच्या नजरा आत्याकडे वळल्या. तिने हरकत घेतली नाही. मी रकाने पाडून अर्ज तयार केले: चित्रपटाचे नाव, पाहिल्याची तारीख, कुठे पाहिला. दुसऱ्याच दिवशी तिचा अर्ज भरून आला. सगळ्या चित्रपटांना एकच तारीख होती, 'कुठे पाहिला' या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'बाहेर' असे लिहिलेले होते आणि खाली ठसठशीत सही होती. मी अर्ज दोनदा तपासला, नियमाशी ताडून पाहिला, आणि त्यात काढण्यासारखी एकही त्रुटी न सापडल्यामुळे मंजूर करून कपाटात ठेवायला तिच्याकडेच परत दिला.