ग्रे वर्मने जॉनला जिवंत का ठेवलं?

सिंहासनासाठी घराणी एकमेकांवर उठतात त्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेचा शेवट ज्यांना पटला नाही त्यांना गोड शेवट हवा होता, हे वाक्य आता मला ऐकवत नाही. परवा ऑफिसमध्ये जेवताना पुन्हा कुणीतरी हेच बोललं आणि माझा घास तसाच राहिला. गोड शेवट? सरळमार्गी सरदार नेड स्टार्कचं मुंडकं पहिल्याच सीझनमध्ये उडवलं. तिसऱ्या सीझनमध्ये लग्नाच्या जेवणावळीत नेडचा मुलगा रॉब, त्याची गरोदर बायको आणि त्याची आई, तिघांनाही कापून काढलं. ते बघून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, तरी पुढचा भाग लावलाच. गोड शेवटाच्या आशेवर ही मालिका कुणीच बघत नव्हतं. आम्ही बघत होतो, कारण इथे जो मरतो तो विनाकारण मरत नाही. नेड मेला, कारण त्याने राणी सर्सीला आधीच जाऊन सांगितलं की तुझं गुपित मला कळलंय, मुलांना घेऊन निघून जा. रॉब मेला, कारण फ्रे घराण्याला दिलेला शब्द मोडून त्याने दुसरीशी लग्न केलं. माणूस जसा आहे तसा वागतो आणि त्याची किंमत मोजतो. या मालिकेचा कणा तोच होता.

आणि शेवटच्या भागात तोच मोडला.

20 मे 2019, सोमवार. अमेरिकेत रविवारची रात्र होती, आपल्याकडे सकाळचे साडेसहा. हॉटस्टारवर तिकडच्या बरोबरीनेच भाग येणार होता. पुण्यामुंबईतच काय, गावोगावी लोकांनी अलार्म लावले होते. कुणी ऑफिसला उशिरा येतो म्हणून कळवलं, कुणी फोन बंद ठेवला, न जाणो कुणी आधीच फोडून टाकलं तर. भाग तब्बल 80 मिनिटांचा. आठ वर्षांची गुंतवणूक होती ती, आणि मी हा शब्द मुद्दाम वापरतेय. आम्ही त्या माणसांमध्ये जीव गुंतवला होता.

शेवटच्या भागातलं बाकी सगळं क्षणभर बाजूला ठेवा आणि एकट्या ग्रे वर्मकडे, डेनेरिस राणीच्या सेनापतीकडे बघा. भाग सुरू होतो तेव्हा डेनेरिसने ड्रॅगनवरून जाळलेल्या राजधानीची राख झालेली आहे. एका गल्लीत हरलेल्या लॅनिस्टर घराण्याचे, म्हणजे सर्सीचे सैनिक गुडघ्यावर बसवलेत. हत्यारं टाकलेली, शरण आलेले. ग्रे वर्म त्यांना राणीच्या नावाने मृत्युदंड सुनावतो. नेडचा अनौरस मुलगा म्हणून वाढलेला आणि राणीच्याच बाजूने लढलेला जॉन त्याचा हात धरतो, म्हणतो, लढाई संपली. ग्रे वर्मच्या मागचे अन्सलीड, त्याच्यासारखेच गुलामीतून सुटलेले सैनिक, तिथल्या तिथे भाले सरसावतात. जॉनचा साथीदार डाव्होस मध्ये पडतो, जॉन मागे फिरतो, आणि त्याची पाठ वळते न वळते तोच ग्रे वर्म गळे चिरायला लागतो. म्हणजे ज्यांनी शरणागती पत्करली, ज्यांची नावंसुद्धा त्याला ठाऊक नाहीत, त्यांना हा माणूस सोडत नाही. चौथ्या भागात त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या प्रेयसीचा, मिसांदेचा शिरच्छेद झालाय. त्याच्या आयुष्यात आता राणीशिवाय दुसरं काही उरलेलं नाही. हे सगळं आपल्याला पटतं. कुठेही खोट नाही.

आणि त्याच भागात जॉन राणीच्या छातीत सुरा खुपसतो. तिचा ड्रॅगन ड्रोगॉन सिंहासन वितळवतो, तिचं शव पंजात उचलतो आणि उडून जातो. जॉन एकटा उभा. पुढे? पुढे काहीच नाही! पडदा काळा, आणि थेट काही आठवड्यांनंतरचा टिरियन, राणीचा माजी सल्लागार, कोठडीत. ग्रे वर्मला कुणी सांगितलं? प्रेत नाही, साक्षीदार नाही, म्हणजे जॉनने स्वतःच कबूल केलं असणार. काय म्हणाला तो? ग्रे वर्मने ते ऐकून काय केलं? शरण आलेल्या अनोळखी पोरांचे गळे चिरणारा माणूस आपल्या राणीच्या मारेकऱ्याला कोठडीत टाकतो, रोज जेवायला घालतो आणि आठवडेच्या आठवडे सरदारमंडळी जमायची वाट बघत बसतो? हे मला कुणीतरी समजावून सांगा. सगळ्या भागातला सगळ्यात मोठा प्रसंग हाच, आणि तो लिहिलाच नाही. का लिहिला नाही हे अगदी उघड आहे. ग्रे वर्म जसा आहे तसा त्या प्रसंगात उभा केला, तर जॉन पाच मिनिटांतही जिवंत राहत नाही. आणि तो तर जिवंत राहायला हवा होता, कारण पुढचं सगळं आधीच ठरलेलं होतं. म्हणून ती जागा कोरीच सोडली.

बरं, आणि डोथ्राकी? समुद्र ओलांडून तिच्या पाठोपाठ आलेली अख्खी जमात, तिला आपली खलीसी, म्हणजे राणी मानणारी. तिच्या खुनानंतर त्यांनी काय केलं? चकार शब्द नाही.

मग ती नवा राजा निवडायला ड्रॅगनपिटमध्ये भरलेली सरदारांची सभा. मला त्या दृश्यातल्या एकेकाचा राग आहे. टिरियन बेड्यांत आहे. ग्रे वर्म त्याला दटावतो, तू इथे बोलायला आलेला नाहीस. आणि लगेच तोच बेड्यांतला कैदी भाषण ठोकतो, राजा कोण व्हावा हे सुचवतो, आणि सगळे जण एकेक करून ‘हो’ म्हणत सुटतात! शेवटी तोच राजाचा हँड, म्हणजे प्रधान होतो. ग्रे वर्म नाही म्हणतो, तर नवा राजा झालेला ब्रॅन स्टार्क सांगतो की आपल्या चुका निस्तरत जगणं हीच याची शिक्षा. आणि ग्रे वर्म ‘हे पुरेसं नाही’ एवढंच म्हणतो. ज्याच्या हातात शहर आहे, सैन्य आहे, दोन्ही कैदी आहेत, तो माणूस एवढ्यावर थांबतो.

यारा ग्रेजॉय, आयर्न आयलंड्सची सरदार. सहाव्या सीझनमध्ये ती डेनेरिसकडे जहाजं घेऊन आली ती कशासाठी? आयर्न आयलंड्सच्या स्वातंत्र्यासाठी. तोच तर सौदा होता. या सभेत ती आधी डेनेरिसची बाजू घेते, जॉनला अन्सलीडच्या हवाली करा म्हणते. जॉनची बहीण आर्या तिला भर सभेत धमकावते, माझ्या भावाला मारायची गोष्ट पुन्हा काढलीस तर गळा चिरीन. यारासारखी बाई हे ऐकून घेते. ठीक आहे. पण थोड्या वेळात आर्याची बहीण सान्सा उठते, उत्तरेचं राज्य स्वतंत्र राहील म्हणते, आणि तिचा सख्खा भाऊ, नुकताच झालेला राजा, मान डोलावतो. आणि यारा? ज्या एका गोष्टीसाठी तिने सगळं पणाला लावलं होतं ती गोष्ट तिच्या नाकासमोर दुसरीला फुकट मिळते, आणि ही तोंड उघडत नाही. डॉर्नचा तो बिननावाचा राजपुत्रही नाही. डॉर्न, ज्याला ड्रॅगन असूनही टारगेरियनांना, डेनेरिसच्या घराण्याला युद्धात जिंकता आलं नव्हतं!

आणि राजा कोण? ब्रॅन. सातव्या सीझनमध्ये सान्सा त्याला म्हणते, आता आपल्या विंटरफेल किल्ल्याचा लॉर्ड तू, तर तो सांगतो की मी कशाचाच लॉर्ड होऊ शकत नाही. आठव्यात टिरियनला सांगतो की मला आता काही हवंसंच वाटत नाही. आणि सभेत विचारल्यावर म्हणतो, मग मी एवढ्या लांब आलो कशासाठी? म्हणजे भूतभविष्य दिसणाऱ्या या माणसाला ठाऊक होतं. ठाऊक होतं तर शहर जळणार हेही ठाऊक होतं का? आणि तरी तो गप्प बसला? मग या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात भयंकर माणूस हाच ठरतो. पण हा प्रश्न सभेत एकालाही पडत नाही. टिरियन म्हणतो, ब्रॅनची गोष्ट सगळ्यात मोठी! जो एक अख्खा सीझन पडद्यावर दिसलासुद्धा नाही त्याची गोष्ट सगळ्यात मोठी, आणि मेलेला परत उठलेला, उत्तरेच्या भिंतीपलीकडच्या जमातींना आत घेणारा, लपवून वाढवलेला खरा वारस बाजूला कोठडीत बसलाय. जॉन हा डेनेरिसच्या भावाचा, रेगारचा औरस मुलगा आहे हे रहस्य उलगडायला यांनी सात सीझन घेतले. आमच्यासारख्यांनी रात्ररात्र त्यावर वाद घातले. राजा निवडायच्या सभेत ते रहस्य कुणी उच्चारतसुद्धा नाही. तिथे जॉनचा मित्र सॅम बसलाय, त्यानेच ते शोधलं होतं! सान्सा बसलीये, तिनेच ते फोडलं होतं!

आता डेनेरिस. मला ती क्रूर झाली याचा राग नाही, हे मी शंभरदा सांगून थकले. मीरीन शहरात तिने गुलामांच्या 163 मालकांना खिळे ठोकून मारलं, आपल्यापुढे न झुकणाऱ्या टार्ली बापलेकांना जिवंत जाळलं. आग तिच्यात पहिल्यापासून होती. ‘बीजं पेरलेली होती’ म्हणणाऱ्यांना मी तेवढं देऊन टाकते. पण चौथ्या सीझनचा शेवट आठवा. एक गरीब बाप दरबारात येतो, हातात कापडाचं गाठोडं. तो ते जमिनीवर ठेवून उघडतो. आत त्याच्या तीन वर्षांच्या मुलीची जळकी हाडं. ड्रोगॉनने जाळलेली. आणि ही राणी उठून आपल्या उरलेल्या दोन ड्रॅगनांना, ज्यांना ती आपली लेकरं म्हणते, तळघरात नेते, स्वतःच्या हाताने साखळदंड घालते, आणि ती आतून ओरडत असताना रडत बाहेर पडते. एका पोरीसाठी. त्याच बाईने शरणागतीच्या घंटा ऐकल्यावर गल्लीबोळातली हजारो पोरं जाळायची असतील, तर ती तिथवर कशी पोचली हे मला बघायचंय. तो माझा हक्क आहे.

लेखकांनी नंतर दिलेलं स्पष्टीकरण तर अजूनच संतापजनक. म्हणे शहराच्या तटावर ड्रॅगनवर बसून तिला रेड कीप हा राजवाडा दिसला, तिच्या पूर्वजांनी बांधलेलं घर, तिच्याकडून हिसकावलेल्या सगळ्याची खूण, आणि तिथे हा मामला तिच्यासाठी वैयक्तिक झाला. अहो, मग रेड कीप जाळा ना! सर्सी समोर खिडकीत उभी आहे, मिसांदेला मारणारी. ड्रॅगनला दोन मिनिटांची वाट. तिच्यावर राग आहे आणि ही रस्त्यातल्या भाजीवाल्यांवर आग ओकत फिरते?

महाभारतात अश्वत्थामा झोपलेल्या पोरांना मारतो. त्याहून अमानुष काय असेल? पण आपण तिथे ‘हे पटलं नाही’ म्हणतो का? नाही म्हणत. कारण ‘नरो वा कुंजरो वा’ आपण ऐकलेलं असतं. बापाला खोटं सांगून शस्त्र टाकायला लावलं आणि त्याचं डोकं उडवलं, हे आपण त्याच्याबरोबर सोसलेलं असतं. दुर्योधन मांडी फुटून पडलेला असतो. त्या रात्री तो शिबिरात शिरतो तेव्हा आपल्याला त्याची किळस येते, पण तो का शिरला हे विचारावं लागत नाही. एवढंच मागत होते मी.

हे करायला वेळ नव्हता असंही नाही. पहिले सहा सीझन दहा-दहा भागांचे. सातवा सातांचा, आठवा सहाचा. एचबीओ तर आणखी भाग करायला राजी होतं. आटोपतं घ्यायचं हे मालिका चालवणाऱ्या दोघांनीच ठरवलं. आणि त्याची शिक्षा एमिलिया क्लार्कला, जिने तो चेहरा जीव तोडून उभा केला. राणी भाषणाला बाहेर येते आणि तिच्या मागे ड्रोगॉनचे पंख पसरतात, जणू तिलाच फुटलेत, ते दृश्य आजही अंगावर काटा आणतं. कॅमेरा, संगीत, कपडे, सगळे आपापलं काम चोख करत होते. फक्त माणसं असं का वागतायत हे सांगण्याचं ज्यांचं काम होतं त्यांनी ते उरकून टाकलं. त्या वर्षीचं सर्वोत्तम नाट्यमालिकेचं एमी याच सीझनला मिळालं, ते वाचून मी फोन आपटायची बाकी होते.

सर्सीच्या भावाचं आणि प्रियकराचं, जेमीचं तर मी बोलणारच नव्हते, पण राहवत नाही. तिसऱ्या सीझनमध्ये हमामखान्यात तो ब्रिएनला सांगतो की लाखो लोकांना वाचवायला मी वेड्या राजाला मारलं, आणि जगभर बदनामी घेऊन जगलो. आठव्यात तो टिरियनला म्हणतो, निरपराध असोत की नसोत, लोकांचं मला कधी फारसं काही नव्हतं. त्याने सर्सीकडे परत जावं, तिच्याबरोबर मरावं, माझी हरकत नाही. असतात माणसं अशी. पण त्याचा सगळा भूतकाळ एका वाक्यात पुसून का?

आणि जॉनला शिक्षा काय, तर उत्तरेच्या भिंतीवर पहारा देणाऱ्या नाइट्स वॉचमध्ये रवानगी. कसली वॉच? ज्याच्यापासून राखण करायची तो नाइट किंग मेलाय. भिंतीला भगदाड पडलंय. पलीकडचे वाइल्डलिंग जॉनचे जिवलग झालेत. ज्याच्या समाधानासाठी ही शिक्षा दिली तो ग्रे वर्म जहाजात बसून मिसांदेच्या बेटावर, नाथला निघून गेला, परत न येण्यासाठी. दक्षिणेचा राजा जॉनचा भाऊ, उत्तरेची राणी बहीण. एक घोडेस्वार पाठवून त्याला विंटरफेलला परत आणायला कुणाची परवानगी लागत होती? जॉन स्वतःच त्या कोठडीत विचारतो, नाइट्स वॉच अजून आहे? टिरियन त्यावर उत्तर म्हणून एक सुंदर वाक्य फेकतो, अनौरसांना आणि मोडलेल्या माणसांना जगात कुठेतरी घर लागतंच, असं काहीतरी. पण अरे, तो अनौरस नाहीये! हेच तर तुम्ही सात सीझन सांगत होतात ना?