रस्ता सहा मीटरचा, म्हणून घर वाघोलीला

परवा आमच्या सोसायटीत सातवा बिल्डर येऊन गेला. त्याच्या माणसाने गेटपाशी टेप लावली, "सहाच भरतोय साहेब" म्हणाला आणि दोघं चहाही न घेता गाडीत बसले.

कोथरूडमधली आमची १९८४ची बिल्डिंग, प्लॉट साडेसहा गुंठे, तीन मजले, बारा फ्लॅट, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा गुडघा बदललाय, त्या पिशवीला दोरी बांधून भाजी वर ओढून घेतात. कन्व्हेयन्स झालंय, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे, बाराच्या बारा मेंबर रिडेव्हलपमेंटला तयार आहेत (पुण्यात बारा जणांचं एकमत, विचार करा!) तरी घोडं अडलंय ते रस्त्यावर. डिसेंबर २०२०ला जी यूडीसीपीआर (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) आली तिच्या तक्त्यात रस्ता नऊ मीटरच्या आत असेल तर बेसिक एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते) १.१०, प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) शून्य, टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) शून्य. तोच रस्ता नऊचा असता तर हे तिन्ही धरून २ पर्यंत. १.१० मध्ये आमची बारा घरं परत बांधली की बिल्डरला विकायला काही उरतच नाही, तो कशाला येईल?

मागच्याच गल्लीत रस्ता नऊ मीटरचा. तिथे आमच्याच वयाची बिल्डिंग पाडून नवीन उंच बिल्डिंग झाली, पण आधी जिथे वन आणि टू बीएचके होते तिथे आता विकायला सगळे थ्री आणि फोर. प्रीमियम भरायचा रेडी रेकनरच्या (सरकारी जमीनदराच्या) टक्क्यात, टीडीआर बाजारातून घ्यायचा, मग फायरचं, झाडांचं, ड्रेनेजचं एनओसी, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, आणि तोवर व्याजाचं मीटर चालूच, ते शेवटी नवीन फ्लॅट घेणाऱ्याच्याच बोडक्यावर बसतं. नियमात छोट्या घरांसाठी २० टक्के राखीव आहेत खरे, पण ते ४००० चौरस मीटरच्या पुढच्या प्लॉटला. गावात एवढे प्लॉट राहिलेत कुठे?

माझी मुलगी याच गल्लीत वाढली. नोकरी बाणेरला, घर घेतलं पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाघोलीला, कारण बजेटमध्ये तेच बसलं. वाघोली २०२१ला महापालिकेत आली, पाणी अजून टँकरचं. स्टँप ड्युटीत मेट्रोचा एक टक्का तिने भरला, आणि मेट्रो आहे आमच्या वनाझला, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं, २०२२ पासून. आता बोला!

लोक म्हणतात अरुंद रस्त्यावर उंच बिल्डिंग झाली तर बंब कसा येणार. बरोबर आहे, मी पण टॉवर मागत नाहीये. पण आमच्या गल्लीत बंब आजही येणार नाही, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात, त्यातली एक माझी. २०२० मध्ये महापालिकेत ३२३ सहा मीटर रस्ते नऊ मीटर करायचा विषय आला होता, तेव्हा बिल्डरांसाठी चाललंय म्हणून केवढा गदारोळ. मी पण तेव्हा कुंपण जाणार म्हणून विरोधातच होतो, खोटं कशाला बोलू.

आता वाटतं, रस्ता रुंद होईल तेव्हा होईल, तोपर्यंत सहा मीटरवाल्यांना अजून दोन मजले आणि लिफ्ट द्या, अट घाला की वाढीव सगळं पाचशे-साडेपाचशे स्क्वेअर फुटांचंच, आणि मेट्रोजवळ पार्किंगची सक्ती कमी करा. फाईलला तारीख द्या, त्या तारखेपर्यंत हरकत आली नाही तर मंजूर धरा. पाण्याचा प्रश्न आहेच, पण वाघोलीला टँकर पाठवण्यापेक्षा जिथे लाईन आधीच आहे तिथे माणसं राहिलेली काय वाईट?

रविवारी परत मीटिंग आहे. विषय गच्चीचं वॉटरप्रूफिंग, माणशी खर्च अजून ठरायचाय. काकू म्हणाल्या, मी खाली येत नाही, माझं मत फोनवर घ्या.