इथला वार की पुण्याचा?

गेल्या शनिवारी एका अमेरिकन आजीबाईंनी भर वाळवंटात माझी नाडी तपासली, आणि तशी काडीचीही गरज नव्हती हे मी अजून घरात कोणालाही पटवून देऊ शकलेलो नाही.

कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात ‘हिडन व्हॅली’ नावाची एक गोलाकार पायवाट आहे. अंतर १ मैल, म्हणजे जेमतेम १.६ किलोमीटर, प्रतवारी ‘सोपी’. मुलाने ती खास माझ्यासाठी निवडली, हा पहिला अपमान. तीस वर्षे दर रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढलेल्या माणसाला त्याने गाडीतून उतरताना तीनदा विचारले, “बाबा, पाणी घेतलंत ना?” उद्यानाच्या आतल्या भागात पाण्याचा थेंब मिळत नाही हे खरे असले, तरी बाटली उचलून, हलवून, किती भरली आहे हे पाहायचे कारण नव्हते.

खडक मात्र पाहतच राहावेत असे आहेत. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट थरावर थर रचल्यासारखा दिसतो. इथला ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात शिलारस थंड होऊन तयार झाला, भूजलाने त्याच्या भेगा रुंदावल्या आणि कोपरे झिजवले, आणि वरची माती वाहून गेल्यावर उघडे पडलेले ते गोलमटोल धोंडे परातीत बेसनाचे लाडू रचावेत तसे एकमेकांवर बसून राहिले. या धोंड्यांच्या कड्यात दडलेल्या मैदानात पूर्वी चोरीची गुरे लपवत, अशी आख्यायिका आहे. पुढे १९३६ साली बिल कीज नावाच्या पशुपालकाने आपल्या गुरांसाठी सुरुंग लावून आत जायची वाट मोकळी केली. त्या गुरांना आत शिरताना कोणी “गुड जॉब!” म्हटले नसेल, एवढे मी खात्रीने सांगतो.

मला म्हटले. सवयीप्रमाणे मी प्रदक्षिणेच्या दिशेने निघालो होतो आणि आजीबाई उलट्या दिशेने येत होत्या. वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही हातांत काठ्या, मानेवर झालर सोडलेली टोपी आणि खांद्यावरून तोंडाशी आलेली पाण्याची नळी. “गुड जॉब!” त्या म्हणाल्या, “यू आर ऑलमोस्ट देअर!” आम्हाला निघून दहा मिनिटे झाली होती. शिवाय प्रदक्षिणेत ‘पोहोचणे’ म्हणजे नेमके काय? जिथून निघालो त्या वाहनतळावरच तर परत यायचे होते.

बाई व्यायामासाठी फेऱ्या मारत होत्या, हे दुसऱ्यांदा समोर आल्यावर कळले. “स्टिल गोइंग! वंडरफुल!” मी हसलो. सिंहगडावर धापा टाकणाऱ्या नवख्यांना मीही वर्षानुवर्षे “आलंच की आता, दहा मिनिटं” असे सांगत आलो आहे, पण त्यांना ते खरोखरच ऐकायचे असते.

तिसऱ्या वेळी मी एका धोंड्यावर बसून बुटातला खडा काढत होतो. बाईंनी काठ्या खाली टाकल्या, माझे मनगट पकडले आणि घड्याळावर नजर लावून ओठ हलवत ठोके मोजायला सुरुवात केली. मला बरे वाटते आहे हे दाखवण्यासाठी मी उरलेला हात उंच केला, तर मोजणी चुकली म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. मग त्या माझ्या डोळ्यांत पाहत, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, “आज वार कोणता आहे, सांगता येईल?”

आता, निवृत्त माणसाला वाराशी काय कर्तव्य? त्यातून भारतातून येऊन मला चारच दिवस झाले होते. दुपारचे दोन वाजले होते, पुण्यात मध्यरात्र उलटून रविवार लागला होता, आणि रविवार म्हणजे माझा सिंहगडाचा दिवस. मी अचूक उत्तर देण्याच्या हेतूने विचारले, “इथला की पुण्याचा?”

बाईंनी अतीव करुणेने माझ्या पत्नीकडे पाहिले. सदतीस वर्षांच्या संसाराची साक्षीदार असलेली ही स्त्री खुलासा करील अशी माझी अपेक्षा होती. ती म्हणाली, “ही इज ऑलवेज लाइक धिस.”

त्यानंतर संत्र्याच्या चवीची क्षारांची पुडी माझ्याच बाटलीत ओतून मला पाजण्यात आली. “अहो, प्या ना, एवढ्या प्रेमाने देतायत,” असा घरचा आहेर मिळाला. उरलेली वाट आजीबाईंनी स्वतःची फेरी सोडून माझ्या कोपराला धरून पार करवली. वाहनतळावर त्यांनी मला मुलाच्या ताब्यात दिले, त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितले, आणि तो गंभीरपणे मान डोलावत राहिला. त्या आता कुठल्या दिशेने चालल्या आहेत, एवढे पाहण्याचीही मला इच्छा उरली नव्हती.

खरी चीड आजीबाईंची नाही. त्या सज्जन होत्या. पुण्यात बँकेच्या रांगेपासून सोसायटीच्या सभेपर्यंत सगळीकडे भांडून आपले म्हणणे खरे करणारा माणूस इथे मुलाच्या घरी आला, की त्याची बाटली हलवून पाहिली जाते, रस्ता ओलांडताना दंड धरला जातो, आणि त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलले जाते. गाडीत सुनेने “बाबांना आता ट्रेल नकोच” असे म्हटले, तेव्हा मी पुढच्याच सीटवर बसलो होतो.

काल सकाळी दूध पिता पिता सात वर्षांच्या नातवाने मला वार विचारला. मी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले.