'कॉम्प्युटरची डिग्री म्हणजे चार वर्षं वाया' या मेसेजला उत्तर

माझी भाची बार्शीला असते. तिने यंदा सीईटी दिली आणि आता कॅप राउंडची, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीची, वाट बघतेय. गेल्या आठवड्यात भाऊजींनी एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, "हे खरं आहे का? तुम्ही त्याच लाइनमध्ये आहात म्हणून विचारतो." तोच मेसेज त्याआधी मला आणखी तीन ग्रुपवर आला होता. त्यात म्हटलंय की कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, बीसीएस, बीसीए सगळं फुकट जातं. शिकायचं ते यूट्यूबवर आहे, कॉलेजचा अभ्यासक्रम वीस वर्षं जुना आहे, बिल गेट्स आणि झुकरबर्ग कॉलेज सोडूनच मोठे झाले, कोड आता एआय लिहितं आणि कंपन्या डिग्री विचारत नाहीत. तेव्हा मुलांना सहा महिन्यांचा कोर्स करायला लावा आणि कामाला लावा.

मी पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करतोय आणि त्यातली बरीच वर्षं नव्या मुलांच्या मुलाखती घेतोय. भाऊजींना फोनवर जे सांगितलं, तेच इथे नीट मांडतो.

"सगळं यूट्यूबवर फुकट आहे."

आहे, आणि त्याचा मला आनंदच आहे. आयआयटी आणि आयआयएस्सी यांनी मिळून 2003 मध्ये एनपीटीईएल हा मोफत व्याख्यानांचा उपक्रम सुरू केला. ऑपरेटिंग सिस्टिमपासून कम्पायलरपर्यंतची (आपला कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) त्यांची व्याख्यानं कुणालाही बघता येतात. मी आजही बघतो.

पण अठरा वर्षांचं पोर स्वतःहून काय निवडतं? ज्यातून महिन्याभरात वेबसाइट उभी राहते, ते. आपल्याला डिस्क्रीट मॅथ्स, म्हणजे कॉम्प्युटरच्या पायाशी असलेलं तर्क आणि मोजणीचं गणित, लागणार आहे, हे त्या वयात कुणाला कळत नाही. मलाही कळलं नव्हतं. परीक्षा नसती तर टीओसीचं (थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन) पुस्तक मी उघडलंच नसतं. मुलाखतीत स्वतःच्या बळावर शिकलेली हुशार मुलं भेटतात आणि त्यांची मला मनापासून कदर आहे. पण दोन जणांनी एकाच वेळी एकाच खात्यातून पैसे काढले तर शिल्लक कशी बरोबर राहील, असं विचारलं की त्यांतले बरेच थांबतात. कारण तो व्हिडिओ बघायला त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. डीबीएमएसच्या, म्हणजे डेटाबेसच्या, तासाला ट्रान्झॅक्शन (व्यवहार पूर्ण करा नाहीतर पूर्ण रद्द करा) आणि लॉक (एकाचं होईपर्यंत दुसऱ्याला थांबवा) हे शिकावंच लागतं, आवडो न आवडो.

"अभ्यासक्रम वीस वर्षं जुना आहे."

वीस? डेटाबेसचा रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती तक्त्यांत मांडायची पद्धत, एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडला. सगळ्यात जवळचा रस्ता शोधायची डायक्स्ट्रा यांची रीत 1959 ची. अ‍ॅलन ट्युरिंग यांनी 1936 मध्ये सिद्ध केलं की कुठलाही प्रोग्रॅम कधीतरी थांबेल की नाही, हे हमखास सांगणारा एक सार्वत्रिक प्रोग्रॅम लिहिताच येणार नाही. यातलं काहीही शिळं झालेलं नाही. बदलतात त्या भाषा आणि साधनं, आणि ती नोकरीत दर तीन-चार वर्षांनी पुन्हा शिकावीच लागतात.

तरी या मुद्द्यात तथ्य आहे, आणि त्याचा मला स्वतःला त्रास झालाय. माझ्या कॉलेजात प्रॅक्टिकल टर्बो सीवर, म्हणजे सी भाषेचे प्रोग्रॅम लिहायच्या एका जुन्या सॉफ्टवेअरवर, व्हायचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं सॉफ्टवेअर, त्यात इंट (पूर्णांक साठवायची जागा) 32767 च्या पुढे जात नाही. जर्नल म्हणजे आधीच्या बॅचच्या जर्नलची नक्कल. ओरलला ठरलेले दहा प्रश्न. पेपरच्या आदल्या रात्री गाईड वाचून लोक पास व्हायचे आणि एम-थ्रीची (गणिताच्या तिसऱ्या पेपरची) केटी राहिली, म्हणजे तो विषय मागे राहिला, की वर्षभर तिचंच ओझं. हे आजही अनेक ठिकाणी चालतं आणि मला त्याचा राग आहे. त्या मुलांची चार वर्षं खरोखर हिरावून घेतली जातात.

पण तो दोष विषयाचा नाही, शिकवण्याचा आहे. त्या टर्बो सीचंच घ्या. 32767 मध्ये एक मिळवला की उत्तर उणे 32768 येतं. असं का होतं, हे एखाद्या शिक्षकाने फळ्यावर बिट (0 आणि 1) मांडून दाखवलं, तर ते आयुष्यभर पुरतं. जाव्हा भाषेच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये (क्रमाने लावलेली यादी दरवेळी निम्मी करत शोधायची रीत) हीच चूक जवळपास नऊ वर्षं होती. दोन टोकांची बेरीज करून निम्मी केली की मध्य मिळतो, पण यादी शंभर कोटींच्या पुढे गेली की ती बेरीज तिथल्या इंटची 2147483647 ही मर्यादा ओलांडून उणे व्हायची. तो कोड लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनीच 2006 मध्ये ते जाहीर लिहिलं. जगातले उत्तम लोक जिथे चुकले, ती चूक आपल्या सेकंड इयरच्या मुलाला समजू शकते, शिकवणारा असेल तर.

म्हणून कॉलेज निवडताना इमारत बघू नका. तिसऱ्या वर्षाच्या चार मुलांना गाठा आणि विचारा: प्रॅक्टिकल परीक्षेत प्रोग्रॅम स्वतः लिहावा लागतो का? लॅब कॉलेज सुटल्यावर उघडी असते का? प्रोजेक्ट विकत आणतात का? तासाभरात सगळं कळतं.

"बिल गेट्स आणि झुकरबर्ग यांनी कॉलेज सोडलं."

त्यांनी सोडलं ते हार्वर्ड, आणि तिथे प्रवेश मिळवून, शिकून सोडलं. गेट्स यांना शाळेतच, 1968 मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी कॉम्प्युटरला जोडलेलं टर्मिनल वापरायला मिळालं होतं. हार्वर्डमध्ये असताना त्यांनी एक कोडं सोडवायला घेतलं. लहानमोठ्या धिरड्यांची चळत आहे. उलथनं मध्ये घालून वरचा भाग उलटा करायचा, एवढंच करता येतं. सगळ्यात मोठं खाली आणि लहान वर, अशी चळत लावायला जास्तीत जास्त किती वेळा उलटावं लागेल? यावर गेट्स आणि तिथले तेव्हाचे प्राध्यापक ख्रिस्तोस पापादिमित्रिऊ यांचा शोधनिबंध 1979 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी घातलेल्या वरच्या मर्यादेत सुधारणा व्हायला सुमारे तीस वर्षं लागली. हा माणूस कॉम्प्युटर सायन्सच्या अभ्यासाला वैतागून बाहेर पडला, असं कुणी सांगत असेल तर ते साफ चूक आहे. शिवाय जमलं नाही तर परतायला त्यांना घर होतं आणि हार्वर्डही. बार्शीच्या मुलीने डिग्री सोडली तर परत कुठे जायचं, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही.

"आता कोड एआय लिहितं."

लिहितं. मीही रोज लिहून घेतो. म्हणूनच एक प्रसंग सांगतो. आमच्याकडे बँकेच्या नोंदी आणि आमच्या नोंदी जुळवायचं काम होतं, दोन्हीकडे पन्नास-पन्नास हजार. एका नव्या मुलाने एआयकडून कोड घेतला. वीस नोंदींवर तपासला, अचूक चालला. महिनाअखेरीला खऱ्या नोंदी घातल्या आणि चाळीस मिनिटं झाली तरी तो चालूच. त्याने पुन्हा एआयला विचारलं, तर मोठा सर्व्हर घ्यायचा सल्ला मिळाला. कोडमध्ये लूपच्या आत लूप होतं, म्हणजे एका यादीतली प्रत्येक नोंद दुसरीतल्या प्रत्येक नोंदीशी ताडून बघितली जात होती. पन्नास हजार गुणिले पन्नास हजार, म्हणजे अडीचशे कोटी तुलना. एक यादी हॅश टेबलमध्ये (हवी ती नोंद थेट सापडेल अशी मांडणी) घातली की काम लाखभर पायऱ्यांत आटोपतं. आम्ही ते केलं आणि काही सेकंदांत निकाल आला. यात माझी कसलीही कमाल नाही. हे सेकंड इयरच्या डेटा स्ट्रक्चर्समध्ये असतं. पण कुठे बोट ठेवायचं, हे माहीत असणारं कुणीतरी लागतं. कोड जितका सहज मिळेल, तितकं तो पारखणाऱ्याचं काम वाढत जाणार.

आणि हे एआय घडतं कशातून? मॅट्रिक्स, प्रोबॅबिलिटी आणि डेरिव्हेटिव्ह यांतून. ज्या एम-वन, एम-टू, एम-थ्रीला आपण 'काय उपयोग याचा' म्हणून नावं ठेवत आलो, त्यातूनच.

"कंपन्या डिग्री विचारत नाहीत."

आयबीएमसारख्या काही कंपन्यांनी अमेरिकेत बऱ्याच जागांसाठी ही अट काढली, हे खरं. आपल्याकडे मात्र कॅम्पसला येणाऱ्या कितीतरी कंपन्यांची पहिली चाळणी अजून दहावी, बारावी आणि डिग्रीतल्या साठ टक्क्यांची असते. गेट ही एमटेकच्या प्रवेशाची परीक्षा द्यायची तर डिग्री झालेली किंवा निदान तिच्या तिसऱ्या वर्षापर्यंत पोचलेलं असावं लागतं. अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसासाठी पदवी किंवा तिच्या तोडीचा अनुभव दाखवावा लागतो. पाच वर्षांनी मुलीला यातलं काही करावंसं वाटलं, तर सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर दार उघडणार नाही.

शेवटी पैशांबद्दल, कारण भाऊजींची खरी काळजी तीच होती. महाराष्ट्र सरकारने 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. अभिमत आणि खाजगी विद्यापीठं यात येत नाहीत. मुलग्यांसाठी शुल्कात सवलत आहे, आणि टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या, जागा मुलगे-मुली दोघांनाही आहेत. भाऊजींना हे माहीतच नव्हतं. मंगळवारी ते उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला जाऊन आले.