पावसात पापड वाळत नाहीत

"ताई, अकरा वर्षं झाली आणि अजून एकच पोळी-भाजी केंद्र? भांडवल मी घालतो, वर्षभरात चार शाखा काढू." परवा एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. मी नाही म्हटलं, पण तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये.

लिज्जतचंच घ्या. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्यापुढचं फारसं कुणी सांगत नाही. पावसाळा लागला, पापड वाळेनात, आणि चार महिने काम बंद ठेवावं लागलं. ज्यांनी उडदाचे पापड घरी केलेत त्यांना कळेल. आमची आई पीठ कुटून कुटून लाटीला तार सुटते का बघायची, आणि आभाळ भरून आलं की सगळा घाट दुसऱ्या दिवसावर टाकायची. दमट पापडाला बुरशी येते, तिथे घाई चालत नाही. दुसऱ्या पावसाळ्याआधी त्या बायकांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा! देणगी घ्यायची नाही हे ठरलेलं, त्यामुळे जे सुचलं ते स्वतःच्या कमाईत बसणारं सुचलं. पहिल्या वर्षाची विक्री सहा हजारांच्या आसपास. १९६१ मध्ये मालाडला शाखा काढून पाहिली, ती जमली नाही. महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा, गुजरातमधल्या वालोडची, १९६८ ला निघाली. आज चाळीस हजारांहून जास्त बायका लिज्जतमध्ये कमावतात.

मीही एकदा घाई केली होती. चौथ्या वर्षी स्टेशनपलीकडे दुसरं केंद्र काढलं, आठवड्याभरात चार नव्या बायका उभ्या केल्या. पोळ्या गोल व्हायच्या, पण पदर सुटायचे नाहीत, दुपारपर्यंत वातड. सात महिन्यांत बंद करावं लागलं. पैसे गेले ते भरून निघाले. त्या चौघींना "उद्यापासून येऊ नका" सांगावं लागलं, ते आजही बोचतं. शिकायला वेळ मी दिला नाही आणि काम त्यांचं गेलं.

सध्या आमच्याकडे एक नवी मुलगी आलीये. तिसरा महिना चालू आहे. रोज पहिल्या वीस पोळ्या ती करते आणि त्या आम्हीच खातो. काल तिच्या पोळीला पदर सुटले.